लखमी काकीचा राब

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही – आणि तिची खात्री अशी, की माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तिचं चुकत नाही. डहाणू रोडला बाजारातून थोडं पुढे माझं सायकलचं दुकान आहे. पंक्चर काढता काढता मी गिऱ्हाइकाला बोंबलाच्या भावापासून त्याच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नापर्यंत सगळ्यावर सल्ला देतो. गिऱ्हाईक मराठीत बोललं तर मराठीत, गुजरातीत बोललं तर गुजरातीत. म्हणजे बोलायची मला अडचण नाही. मग ही एकच गोष्ट इतकी वर्षं का बोललो नाही? सांगतो – पण सरळ रेषेत सांगता येईल असं वाटत नाही.

आधी राइडचं सांगतो. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे एक सायकल राइड होते. कदाचित तुम्ही तिचे फोटो पाहिले असतील – हिरवे टी-शर्ट, मागे पिवळं गवत. मुंबईकडचे आणि इथले सायकलवाले सकाळी माझ्या दुकानासमोर जमतात, चिखले गावापर्यंत समुद्राला धरून जातात, घोलवडवरून आत वळतात आणि चढ चढत तलासरी तालुक्यातल्या आमच्या माळावर येऊन थांबतात. प्रत्येकाच्या नावावर त्याचे मित्र, नातेवाईक काही ना काही देणगी देतात, आणि ती माळासाठी वापरली जाते. उन्हाळ्यात राखण ठेवायची, आग पसरू नये म्हणून गवतात मोकळे पट्टे काढायचे, पाखरांची पिल्लं उडेपर्यंत काही भाग न कापता सोडायचा, वरच्या अंगाला एक पाणवठा भरता ठेवायचा. काम चांगलं आहे. हे मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढे जे सांगणार आहे त्याने त्या कामाला बोल लागू नये.

राइडमध्ये मी सगळ्यांच्या शेवटी असतो. कॅरिअरवर ट्यूब, पंप, पाने. कुणाची चेन पडली, कुणाला धाप लागली, की मी आहेच. लोक म्हणतात, जयवंतभाऊ, माळाचे खरे राखणदार तुम्ही. मी हसतो. अगदी तोंड भरून हसतो.

तो माळ आमच्या पाड्याच्या डोक्यावर आहे. बाहेरच्यांना माळ म्हणजे ओसाड जागा वाटते – झाड नाही, पीक नाही, मग आहे काय? गवत आहे. दिवाळीच्या सुमाराला कमरेएवढं होतं. पूर्वी ते कापून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. ती मागणी कमी झाली तशी वरचा भाग कुणी कापेना, आणि त्यात तितर, लावे, टिटव्या, ससे आपापला संसार मांडून बसले. कोल्ह्याचं एक बीळ तर मी लहानपणापासून बघत आलोय. पाड्यातली गुरं खालच्या भागात चरायची, आणि त्यांच्यासाठी कापलेल्या गवताच्या गंजी माळाच्या कडेलाच रचलेल्या असायच्या.

आणि माळाच्या कडेलाच आमची दोन शेतं. एक माझ्या बापाचं, म्हणजे आता माझं. बांधाच्या पलीकडे लखमी काकीचं.

लखमी काकी माझ्या बापाच्या चुलतभावाची बायको. काका लवकर गेला. तिने शेत आणि एक मुलगी, दोन्ही एकटीने सांभाळलं. मी पहिली सायकल घेतली तेव्हा पाड्यातली एकही बाई मागे बसायला तयार नव्हती. काकी डोक्यावरच्या टोपलीसकट बसली. "पडलो तं दोघा पडू," म्हणाली, आणि तलासरीच्या बाजारापर्यंत माझ्या चालवण्याला नावं ठेवत आली. त्यानंतर बाजाराच्या दिवशी तिने मला कधी एकट्याला जाऊ दिलं नाही. तिच्याबद्दल मी असं प्रेमाने बोलतोय हे तुम्हाला दिसतंय ना? म्हणूनच पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

राब म्हणजे काय, ते सांगायला हवं. भाताची रोपं जिथे करायची त्या जागेवर उन्हाळ्यात शेण, पाला, डहाळ्या, गवत असे थर पसरतात, वर मातीचा थर देतात आणि पेटवतात. जमीन भाजून निघते, तण मरतं, रोप जोमाने येतं. यात अक्कल एवढीच, की आग वाऱ्याच्या उलट अंगाने लावायची, म्हणजे ती धुमसत धुमसत मागे सरकते. वरची माती कमी पडू द्यायची नाही. आणि विझेपर्यंत तिथून हलायचं नाही. बाप होता तेव्हा राबाचा दिवस म्हणजे बसण्याचा दिवस – झाडाखाली बसायचं, थोडी ताडी घ्यायची, मधूनच उठून काठीने कड सारायची. मला हे सगळं ठाऊक होतं. माहीत नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

बाप गेल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. मी सकाळी डहाणूहून मोटारसायकलवर आलो. दुपारी दुकानात मुंबईचं एक गिऱ्हाईक त्याची गिअरची सायकल न्यायला येणार होतं. तसं गिऱ्हाईक तेव्हा नवीन होतं, आणि त्याच्यासमोर मला फार तालेवार दिसायचं होतं. राबाचे थर मी आदल्या आठवड्यात घालून ठेवले होते. माती मात्र राहिली होती. माती टाकायची तर घमेलं उचलावं लागतं, कंबर वाकवावी लागते – मी दहा-बारा घमेली टाकली आणि पुरे म्हटलं. आणि आग लावली ती वाऱ्याच्या बाजूने. भरभर जळावं म्हणून.

भरभर जळालं.

काकीचा राब तिने पहाटेच लावला होता. मी पोचलो तेव्हा तो मातीखाली निमूट धुमसत होता, आणि ती कडेने आणखी माती सारून बाजाराला निघून गेली होती. पाड्यातली माणसं चिकूच्या वाड्यांवर नाहीतर वीटभट्टीवर कामाला गेलेली. मला येताना कुणी पाहिलं नाही. जातानाही नाही.

माझ्या राबाच्या ज्वाळा खाली बसल्या तसा मी निघालो. राख लाल होती अजून. वाटलं, आता काय होतंय? पाड्याच्या खाली रस्त्याला एक वळण आहे, तिथून दोन्ही शेतं आणि वरचा माळ एकदम दिसतो. तिथे मी मान वळवून पाहिलं. का पाहिलं? न पाहता गेलो असतो तर आज म्हणालो असतो, मला काय ठाऊक. पण पाहिलं. वारा फिरला होता. काकीच्या शेतावर पातळ, पांढरा धूर होता, आहे तिथेच. आणि माझ्या राबाच्या कोपऱ्यातून आग बांधावरच्या गवतात उतरली होती. फार नव्हती. एखाद्या चटईएवढी. ओल्या डहाळीने दोघांनी नव्हे, एकाने झोडपली असती तरी विझली असती.

मोटारसायकल चालूच होती. मी ती बंद केली नाही. तेवढ्यात फोन वाजला. गिऱ्हाईक विचारत होतं, कुठे आहात. आम्ही दुकानदार नेहमी म्हणतो तसं मी म्हणालो, निघालोच. आणि निघालो.

मला वाटलं असेल, बांधाशी आपोआप विझेल. वाटलं असेल, कुणीतरी बघेल. खरं सांगू – काय वाटलं ते मला आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की वळण संपल्यावर बरं वाटलं, कारण आता मागे वळूनही काही दिसणार नव्हतं.

माळ पेटल्याचा फोन आला तेव्हा मी त्या गिऱ्हाइकाला चहा पाजत होतो. शटर ओढून आलो. तोवर माणसं जमली होती, डहाळ्यांनी आग झोडपत होती. मीही घुसलो. सगळ्यांच्या पुढे होतो, माझ्या हातावरचे केस जळले. लोक म्हणाले, जयवंता, मागे हो, जीव देशील. संध्याकाळी आग आपोआप नाल्याशी येऊन थांबली. गवताच्या गंजी गेल्या होत्या. वरच्या भागात एक तितराची मादी आम्हाला सापडली – ती अंड्यांवरून उठलीच नव्हती. कोल्ह्याच्या बिळाच्या तोंडाशी मी गेलो नाही. दुसरे गेले, आणि बिळाचं तोंड मातीने बुजवून परत आले.

मग पाड्यात सगळे जमले. कुणाची आग, हा प्रश्न कुणी विचारायच्या आधीच काकी पुढे आली. बाजाराची टोपली अजून तिच्या कमरेवर होती. म्हणाली, "सकाळी मी राब लावला नं बाजाराला गेली. माझीच आग." एवढंच. तिला खरंच तसं वाटत होतं. का वाटू नये? तिच्या माहितीत त्या दिवशी दुसरा राब पेटवलेलाच नव्हता.

एक म्हातारा भडकला – बाजार काय पळून चालला होता? बायका रडत होत्या, गुरांना आता पावसाळ्यापर्यंत घालायचं काय? मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगत नाही, माझ्या शपथेला किंमत काय, पण उघडलं होतं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "नं या जयवंताचा राब बग, पेटवायच्या आधीच भाजून निघाला. याचा काम फुकट झाला." अशा वेळीही माणसं हसतात. दोन-चार जण हसले.

मीही हसलो.

त्या हसण्याने सगळं ठरून गेलं. त्यानंतर बोलायचं म्हणजे नुसती आग कबूल करायची नव्हती, ते हसणंही कबूल करायचं होतं. काकीने मान खाली घातली. मला म्हणाली, "तुझा पण नुकसान केला रे मी."

पुढच्या दिवसांत तिने स्वतःचा पेंढा भारे बांधून घरोघरी दिला. कुणी मागितला नव्हता. मग तिच्याच बैलांना काही उरलं नाही, तेव्हा ते उंबरगावकडे बहिणीच्या घरी नेऊन बांधले. त्यातला एक परत आलाच नाही. आणि तिने पुन्हा राब लावला नाही. कधीच नाही. बिनभाजल्या जमिनीत बी टाकायची, रोपांपेक्षा तण जास्त यायचं, ते ओणवं होऊन उपटत बसायची. तिच्या शेतातली रोपं पिवळी, बारीक. येणाऱ्याजाणाऱ्याला बांधावरून फरक दिसायचा – अलीकडे माझं हिरवंगार, पलीकडे तिचं. मी माझा राब दर वर्षी लावत होतो. आता नीट लावत होतो, दिवसभर बसत होतो.

गवताचं म्हणाल तर ते पावसाळ्यात परत आलं. पाड्याचंही तसंच झालं. माणसांना आपापले व्याप असतात; एखाददोन वर्षांत कुणी त्या आगीचं नाव काढेना. काकी कुणाकडे पीठ मागायला गेली आणि तिनेच तो विषय काढला, तर बायका म्हणायच्या, जाऊ दे ग आता. म्हणजे पाडा विसरत चालला होता. विसरून जाऊ द्यायला काय हरकत होती? एवढं तरी मी तिला मिळू द्यायला हवं होतं. मी ते होऊ दिलं नाही – आणि इथपासून जे आहे, ते मला आगीपेक्षा जास्त टोचतं.

मधुरा मॅडम पहिल्यांदा दुकानात आल्या त्या मागच्या चाकाचा स्पोक तुटला म्हणून. मुंबईच्या. गवताळ माळांवरच्या पाखरांसाठी काम करणाऱ्या. स्पोक बसवेपर्यंत माझी बडबड चालू होतीच. मी माळाचं सांगितलं, तितरांचं सांगितलं, आणि बोलण्याच्या ओघात आगीचंही. त्यांनी विचारलं, कशाने लागली? म्हटलं, राबाने. त्यांनी विचारलं, कुणाच्या?

हा प्रश्न मला तोंडावर असा कुणी विचारलाच नव्हता. तोवर मी फक्त गप्प होतो. गप्प बसणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं, असं मी मनाशी धरून चाललो होतो; तेवढ्या आधारावर रात्री झोप लागत होती. त्या बाईचा काही संबंध नव्हता, ती कुणाला ओळखत नव्हती. तिला "माझ्या" म्हणणं किती सोपं होतं? मी चाक फिरवत राहिलो आणि म्हणालो, "आमच्या काकीच्या." आणि माझी सवय – नुसतं सांगून थांबत नाही. म्हणालो, बिचारी अजून रडते.

मधुरा मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. राइडची कल्पना त्यांची. पण माळावर राइड पोचल्यावर काकीने लोकांशी बोलावं, ही कल्पना त्या दिवशी माझ्या दुकानात, माझ्या वाक्यावरून निघाली. आणि तिला तयार करायला गेलो तो मीच.

"मी काय सांगू लोकांना?" काकी म्हणाली.

"झालं तेच सांग," मी म्हणालो.

पहिल्या वर्षी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. माइक तिने दोन्ही हातांनी धरला, तान्हं मूल धरतात तसा. म्हणाली, "मी लखमी. माझ्या राबाची आग लागली. पाखरांची पिला मेली, पाड्याचा गवत गेला. तुम्ही कोण राब लावाल तं विझंपर्यंत उठू नका." सायकलवाले राब कशाला लावतायत? पण टाळ्या वाजल्या. खूप वाजल्या. ती गोंधळून माझ्याकडे आली. "या टाळ्या कशाला वाजवतात रे?"

मी म्हणालो, "तू खरं बोललीस म्हणून."

हे वाक्य मी तिला बोललो. माझ्या तोंडाने. अजून कधीकधी दुकानात एकटा असताना मला ते ऐकू येतं, आणि मी मुद्दाम कॉम्प्रेसर चालू करतो.

पुढच्या वर्षांत मी तिचं बोलणं सुधारलं. होय, सुधारलं. तिला म्हणालो, आधी पिल्लांचं सांग, मग स्वतःचं. शेवटी हात जोड. लोकांच्या मनाला लागायचं. राइडनंतर देणगी वाढली की मधुरा मॅडम म्हणायच्या, ही सगळी काकींची कृपा. काकी ते ऐकून खूश व्हायची – तिला वाटायचं, जे गेलं त्यातलं थोडं ती भरून देतेय. ज्या पोरांचा जन्म आगीनंतरचा, तीसुद्धा तिला "राबवाली आजी" म्हणू लागली. प्रेमानेच म्हणायची. पण पाड्यातल्या कुणाही बाईला तिच्या हयातभरातल्या एका चुकीवरून हाक मारत नाहीत, काकीला तशी हाक मारायचे. आणि ती चूक तिची नव्हती.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही का? एकदा केला. राइड उरकून तिच्या ओट्यावर बसलो होतो. ती वाल सोलत होती. मी म्हणालो, "काकी, त्या दिवशी माझा राब –"

"ठाव हाय मना," ती म्हणाली. "बापाच्या मागं पयला राब घातलास नं माझ्या आगीत गेला. मना आजून वाईट वाटते." आणि उठून आतून पिशवी आणली, सोललेले वाल त्यात भरले, बायकोला दे म्हणाली.

मी ते वाल घेऊन घरी आलो. बायकोने बिरडं केलं. मी जेवलो, दोनदा वाढून घेतलं.

का नाही बोललो याची कारणं माझ्याकडे दुकानातल्या नटबोल्टांसारखी डबे भरून आहेत. राइड बंद पडेल, माळाचं नुकसान होईल, तिला उलट धक्का बसेल, इतक्या वर्षांनी काय उपयोग. एकेक काढून दाखवलं तर तुम्हाला पटेलही, इतकं मला बोलता येतं. म्हणून एकही काढत नाही. मला भीती वाटत होती. लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती मला आवडत होती. एवढंच आहे ते.

काकीची मुलगी मंगळ पाड्यातच राहते, शाळेत मुलांचा आहार शिजवते. हुशार आहे, हाती येईल ते वाचते. म्हणजे हे ती वाचेल. तिला ते माझ्या तोंडून कळायला हवं होतं, समोर बसून. गेल्या महिन्यात मी दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो, आणि सायकलच्या हवेचं काहीतरी बोलून परत आलो. तेव्हा तेही मी केलेलं नाही, अशीच नोंद असू द्या.

आता शेवटचं. इथपर्यंत जे सांगितलं ते सांगता आलं, कारण त्याच्याही पुढे हे आहे.

यंदा भातकापणीच्या दिवसांत काकीने अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं. डहाणूच्या दवाखान्यात आठवडाभर ठेवून डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मंगळने निरोप पाठवला, आई तुमचं नाव घेतेय, येऊन जा. मी दुपारी गेलो. ऊन ओट्यावरून आत आलेलं होतं. काकी भिंतीला टेकून बसवलेली, हात काडीसारखे, पण डोळे लख्ख. मला ओळखलं. बस म्हणाली. मंगळला म्हणाली, याला पाणी दे.

मग माझ्याकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "जयू, माळाचा सगळ्यांनी सोडून दिला. सगळी बोलली, जाऊ दे काकी. पाटलाची म्हातारी बोलली, गंजी गेलेली ती माणसा बोलली. तू कंदी बोलला नाहीस."

मला कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं.

एवढ्या वर्षांत मी एकदाही तिला "जाऊ दे" म्हणालो नव्हतो. कसा म्हणणार? ते दोन शब्द तेवढे माझ्या तोंडून निघत नव्हते. खोट्याची तेवढी एक पायरी मी चढलो नव्हतो, आणि मनातल्या मनात त्याचं श्रेयही घेत होतो. आणि तिने ते मोजून ठेवलं होतं. तिला वाटत होतं, जयूच्या मनात अजून राग आहे. दर वर्षी तिला माइकसमोर उभी करतो, पिल्लांचं आधी सांग म्हणतो, हात जोड म्हणतो – हा राग आहे. म्हणून ती बिनतक्रार उभी राहत होती. टाळ्यांसाठी नाही, माळासाठीही नाही. माझ्यासाठी. मी एकदा माफ करावं म्हणून.

"मना माफ कर," ती म्हणाली. "माळ तुझा पण होता."

मंगळ पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने मान हलवून मला खूण केली – बोला ना, दादा. मग तांब्या माझ्याजवळ ठेवला आणि मुद्दामच आत निघून गेली, आम्हाला दोघांना बोलता यावं म्हणून.

मी म्हणालो, "माफ केलं, काकी."

तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, "आता बरा वाटला." हात जोडायला गेली, पण एकच हात उचलला गेला; तो मी धरला आणि खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ती गेली.

ती शुद्धीवर होती. तिला नीट ऐकू येत होतं. जवळ दुसरं कुणी नव्हतं आणि मला कुठे जायची घाई नव्हती. आग माझी होती एवढंच सांगायचं होतं, आणि मी तिला माफ केलं.